थोरले शाहू महाराज आणि वारणेची वाटणी

शाहू महाराज म्हटलं की आपल्या सोसायटीतल्या मुलांना कोल्हापूरचे राजर्षी शाहू आठवतात. शाळेत त्यांचाच धडा असतो, त्यामुळे ते साहजिक आहे. पण हा लेख त्यांच्याविषयी नाही. राजर्षींच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षं जन्मलेले दुसरे एक शाहू महाराज होते. शिवछत्रपतींचे नातू, संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव. इतिहासात त्यांना थोरले शाहू म्हणतात. आपण ज्या सातारा शहरात पंचवीस वर्षं सोसायटी करून राहतो आहोत ते शहर त्यांनीच वसवलं. अजिंक्यताऱ्यावरची राजधानी खाली आणली आणि पायथ्याला शाहूनगर उभं केलं. तेव्हा रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मूळ बिल्डरची आठवण काढायला हरकत नसावी!

पण मला त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं ते शहरासाठी नाही, एका वाटणीसाठी. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षं कराड, इस्लामपूर आणि सांगली या पट्ट्यात गेली. शेतीकर्जाची फाइल उघडली की पहिल्या पानाला सातबारा आणि दुसऱ्या पानाला भाऊबंदकी, असा अनुभव. चुलतभावांनी एकमेकांचा बांध कोरायचा, मग मोजणी आणायची, मग कोर्टात जायचं आणि शेवटी अर्धा एकर वाचवण्यासाठी दोन एकर विकायचे. त्या वेळी वारणाकाठच्या गावांत फिरताना मनात यायचं, की ही नदीसुद्धा एका भाऊबंदकीचा बांधच आहे. आणि तो बांध घालून जवळजवळ तीनशे वर्षं झाली तरी कुणी कोरला नाही.

शाहू महाराजांचा जन्म 18 मे 1682 चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. सात वर्षांचे असताना वडिलांची औरंगजेबाने हत्या केली आणि त्याच वर्षी, 1689 च्या नोव्हेंबरात, रायगड पडला. येसूबाई आणि हा मुलगा मोगलांच्या हाती लागले. पुढची साडेसतरा वर्षं छावणीत. छावणी म्हणजे एक जागा नव्हे. बादशाह दख्खनभर फिरत होता आणि त्याच्याबरोबर हे मायलेकही फिरत होते. बादशाहाची मुलगी झीनतउन्निसा हिने त्यांना सांभाळलं असं सगळे इतिहासकार लिहितात. एकदा धर्मांतराचा प्रसंग आला तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलाने, खंडेरावाने, ते आपल्यावर घेतलं आणि शाहूराजे वाचले. म्हणजे ज्या वयात आपली मुलं शाळा-कॉलेज करतात त्या वयात हा राजपुत्र ओलीस म्हणून वाढला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

1707 साली औरंगजेब मेला. त्याचा मुलगा आझमशाह दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात भोपाळच्या बाजूला दोराहा येथे त्याने शाहूंना सोडलं. यात दयामाया काही नव्हती. शाहू परत गेले की मराठ्यांत दोन तट पडतील हा हिशेब होता. शिवाय येसूबाईंना ओलीस म्हणून ठेवूनच घेतलं. मुलगा सुटला, आई आणखी बारा वर्षं अडकली.

मोगलांचा हिशेब बरोबर निघाला. राजाराम महाराजांच्या पश्चात ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली होती आणि आपल्या मुलाला गादीवर बसवलं होतं. आलेला शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असंही त्यांनी पसरवलं. मला विचाराल तर ताराबाईंचा दावा अगदीच पोकळ नव्हता. राज्य वाचवलं कुणी, हा प्रश्न त्या विचारू शकत होत्या. दुसऱ्या बाजूला थोरल्या पातीचा वारस शाहू हेही खरं. अशा खटल्यात दोघंही खरे असतात, म्हणूनच तो लांबतो.

12 ऑक्टोबर 1707 ला भीमाकाठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंच्या बाजूने सेनापती धनाजी जाधव होते. पण त्याआधीच बाळाजी विश्वनाथ भट नावाच्या कारकुनी पेशातल्या हुशार माणसाने धनाजींचं मन वळवलं होतं. धनाजी शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल तिथेच लागला. त्यानंतर सातारचा किल्ला घेऊन 12 जानेवारी 1708 रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि तिथे दुसरी गादी झाली. तिथे 1714 साली घरातच उलथापालथ झाली. ताराबाईंची सवत राजसबाई हिने ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून स्वतःचा मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. हा संभाजी म्हणजे शाहूंचा सख्खा चुलतभाऊ, वयाने सोळा वर्षांनी लहान. इथून पुढे सातारा आणि कोल्हापूर अशी दोन घरं.

सुरुवातीच्या काळात शाहूंची स्थिती फारशी चांगली नव्हती. सरदार इकडून तिकडे उड्या मारत होते. कोकणात कान्होजी आंग्रे कोल्हापूरच्या बाजूने होते. त्यांनी घाटावर येऊन लोहगड, राजमाची घेतली आणि चालून गेलेल्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, पकडून ठेवलं. आता साताऱ्यावर येणार अशी हवा उठली. तेव्हा शाहूंनी 1713 च्या नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली आणि आंग्ऱ्यांवर पाठवलं. बाळाजींनी फौज बरोबर नेली, पण वापरली नाही. ते मूळचे श्रीवर्धनचे, कान्होजींच्या ओळखीचे. दोघांनी बसून ठरवलं. आंग्ऱ्यांनी पिंगळ्यांना सोडायचं, राजमाची परत करायची आणि शाहूंना धनी मानायचं. बदल्यात सरखेलपद त्यांच्याकडेच राहील, शिवाय दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर बुडीत खातं पुन्हा चालू खातं झालं. मराठी आरमार आपसात बुडालं नाही याचं श्रेय या एका बैठकीला आहे.

याच बाळाजींनी पुढे सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीस जाऊन 1719 साली चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा आणल्या. त्याच खेपेत येसूबाई सुटून आल्या. तीस वर्षांच्या बंदीनंतर आई साताऱ्यात आली तेव्हा मुलगा सदतीस वर्षांचा होता. सनदा मोठ्या की आई मोठी, याचा हिशेब शाहू महाराजांनी मनात कसा लावला असेल तो ज्याचा त्याने करावा.

आता मूळ विषय. कोल्हापूरचे संभाजी महाराज गप्प बसले नव्हते, आणि त्यांना भरीला घालणारे पुष्कळ होते. सर्वांत मोठा म्हणजे निजाम. चौथाई मागायला गेलं की तो म्हणायचा, छत्रपती दोन आहेत, खरा कोण ते आधी ठरवा, मग पैसे देतो. पैसे न देण्याची ही युक्ती मी कर्जदारांकडून अनेकदा ऐकली आहे. वारस कोण ते ठरू दे, मग हप्ता भरतो! संभाजी महाराज निजामाला जाऊन मिळाले. पण 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजींचा हात सोडला.

तरी वारणाकाठी कुरबुर चालूच होती. उदाजी चव्हाण हा सरदार त्यात पुढे. बत्तीस शिराळ्याला, म्हणजे आज नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याला, त्याचं ठाणं होतं आणि आसपासच्या मुलखातून तो वसुली करायचा. शाहू महाराज शिकारीला आले असताना त्याने चार मारेकरी पाठवले, पण महाराजांना समोर पाहून त्यांचे हात गळाले आणि महाराजांनी त्यांना जिवंत परत पाठवलं, अशी एक कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी सबुरी संपली होती. 1730 साली साताऱ्याची फौज श्रीपतराव प्रतिनिधींच्या हाताखाली वारणेवर आली आणि तिने संभाजी महाराजांच्या छावणीवर अचानक छापा घातला. संभाजी महाराज निसटून पन्हाळ्याला गेले. तंबू, सामानसुमान आणि माणसं मागे राहिली. मागे राहिलेल्यांत राजघराण्यातल्या बायका होत्या. राजसबाई होत्या आणि कैदेत असलेल्या ताराबाईही होत्या.

माझ्या मते शाहू महाराजांची खरी परीक्षा इथे झाली. ज्या ताराबाईंनी त्यांना तोतया म्हटलं त्या हातात आल्या होत्या. ज्या चुलतभावाने निजामाशी हातमिळवणी केली त्याची आई हातात आली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ओलीस ठेवून पन्हाळा मागता आला असता. स्वतः महाराजांच्या बाबतीत मोगलांनी तेच केलं होतं, आणि आईच्या बाबतीत तर बारा वर्षं केलं होतं. महाराजांनी सर्वांना मानाने वागवलं आणि पन्हाळ्याला पोचवण्याची व्यवस्था केली. राजसबाई परत गेल्या. ताराबाईंनी मात्र जायचं नाकारलं. तिकडेही कैदच, इकडेही कैदच, मग इथलीच बरी, असा त्यांचा विचार होता. त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या. म्हणजे ज्यांच्याशी तेवीस वर्षं वैर त्याच पुतण्याच्या घरी काकी राहायला आल्या. नियती पण कशी असते पाहा.

हरलेल्याचा मान ठेवला की तो बोलायला येतो. संभाजी महाराजांकडून समेटाची भाषा सुरू झाली. शाहू महाराजांनी त्यांना हजर व्हा असा हुकूम केला नाही. आपले मोठमोठे सरदार पन्हाळ्याला पाठवून सन्मानाने बोलावून आणलं आणि स्वतः साताऱ्याहून निघून निम्म्या वाटेवर सामोरे गेले. भेटीची जागा ठरली कराडजवळ जखिणवाडी. आगाशिवच्या डोंगरातली लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्याच डोंगराच्या कुशीतलं हे गाव. 27 फेब्रुवारी 1731 चा दिवस. दोन्हीकडून फौजा रांगा धरून उभ्या, हत्ती, घोडे, निशाणं आणि भेट पाहायला लोटलेली अफाट गर्दी. दोघे भाऊ वाहनांतून उतरून चालत आले. धाकट्याने थोरल्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि थोरल्याने उचलून मिठी मारली. मग उंब्रजवरून सारी मंडळी साताऱ्याला आली.

भेट झाली, पण कागद व्हायला आणखी दीड महिना लागला. हेही मला योग्य वाटतं. मिठीच्या भरात केलेली वाटणी टिकत नाही, डोकं थंड झाल्यावर प्रत्येक कलमावर बसावं लागतं. 13 एप्रिल 1731 रोजी तह झाला. तोच वारणेचा तह.

त्याची कलमं नऊ. वाटणीपत्र म्हणून पाहिलं तर फार विचारपूर्वक केलेला दस्त आहे. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, किल्ल्यांसह, पुढे कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमापर्यंत संभाजी महाराजांचा. कोकणात साळशीपासून दक्षिणेकडचा भागही त्यांचा. रत्नागिरी शाहूंनी घेतली आणि बदल्यात कोपळ संभाजींना दिलं, म्हणजे अदलाबदल. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे नवीन मिळेल ते निम्मेनिम्म. मिरज, तासगाव, अथणी आणि विजापूरकडची ठाणी शाहूंकडे. वादाचं मूळ झालेलं वडगावचं ठाणं पाडून टाकायचं. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि मला सर्वांत आवडणारं कलम म्हणजे एकाकडून फुटून आलेला नोकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचा नाही. दोन घरांत भांडणं लावून पोट भरणारे जे मधले लोक असतात त्यांचा रोजगारच या कलमाने बंद केला. चोवीस वर्षांचा अनुभव त्यात उतरला आहे.

सांगलीकरांनी या यादीत आपलं गाव शोधू नये. तेव्हा सांगली लहान होती, सगळा मान मिरजेला. आणि मिरजेचा किल्लाही त्या वेळी मोगलांकडेच होता. तो शाहू महाराजांच्या ताब्यात यायला 1739 साल उजाडलं. तहात मिळाला होता तो हक्क, कब्जा नव्हे. बँकेतल्या आणि तलाठी कार्यालयातल्या मंडळींना हा फरक समजावून सांगायला नको.

या तहावर टीकाही आहे, आणि ती लपवण्याचं कारण नाही. शिवाजी महाराजांचं एक राज्य कायमचं दोन झालं ते या कागदाने, असं काही अभ्यासक मानतात. कोल्हापूरच्या वाट्याला कमी आलं, ही तक्रारही खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच की राज्य 1731 साली दोन झालं नाही, ते 1708 सालीच झालं होतं. तहाने रक्तपात थांबवला, मोडलेलं जोडलं नाही.

अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची गोष्ट यासोबत वाचण्यासारखी आहे. आपल्या सोसायटीतली बरीच मुलं आता तिकडेच आहेत म्हणून सांगतो. 1798 च्या सुमारास फ्रान्स अमेरिकेची व्यापारी जहाजं पकडत होता, वाटाघाटीला गेलेल्यांकडे लाच मागत होता आणि अ‍ॅडम्स यांच्याच पक्षातले लोक युद्ध करा म्हणून मागे लागले होते. अ‍ॅडम्स यांनी आरमार वाढवलं, पण युद्ध जाहीर न करता पुन्हा वकील पाठवले. सप्टेंबर 1800 मध्ये तह झाला आणि त्याच हिवाळ्यात ते निवडणूक हरले. स्वपक्षाने त्यांना माफ केलं नाही. त्यांच्या आधीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म 1732 चा, म्हणजे जखिणवाडीच्या भेटीनंतर एका वर्षाने. आपल्याकडचा कागद किती जुना आहे याचा अंदाज यावरून येईल. शाहू महाराजांना निवडणूक नव्हती हे त्यांचं भाग्य. पण बळ दाखवून झाल्यावर लगेच बोलणी करायची, ही रीत दोघांचीही एकच.

शाहू महाराजांना प्रत्येक ठिकाणी हे साधलं असंही नाही. वारणेच्या तहाचा मसुदा साताऱ्यात चालू असताना, अवघे बारा दिवस आधी, 1 एप्रिल 1731 ला गुजरातेत डभईला त्यांचाच पेशवा बाजीराव आणि त्यांचाच सेनापती त्रिंबकराव दाभाडे एकमेकांशी लढले आणि त्रिंबकराव ठार झाले. चुलतभावाशी समेट होत होता आणि इकडे स्वतःच्या दरबारात भाऊबंदकी पेटली होती. महाराज स्वतः तळेगावला जाऊन उमाबाई दाभाड्यांना भेटले, त्यांची समजूत घातली आणि सेनापतिपद त्यांच्याच मुलाकडे ठेवलं. पण गेलेला माणूस परत आला नाही. बारा वर्षांनी नानासाहेब पेशवे आणि नागपूरकर रघूजी भोसले बंगालच्या चौथाईवरून असेच हातघाईवर आले, तेव्हा मात्र महाराजांनी उशीर केला नाही. 1743 च्या ऑगस्टात दोघांना साताऱ्याला बोलावून कुणाचा मुलूख कुठला ते आखून दिलं. पुन्हा तीच वारणेची पद्धत, हद्द ठरवा आणि हद्द पाळा. डभईचा धडा लक्षात राहिला असावा असं मला वाटतं.

माणूस म्हणून ते साधे होते. शिकार, मासे धरणं आणि कुत्री यांची आवड. एका कुत्र्याने वाघापासून जीव वाचवला म्हणून त्याला पालखीचा मान दिला, आणि दागिने घालून मिरवणाऱ्या एका सरदाराची जिरवायची म्हणून भरदरबारात त्याच कुत्र्याला जरीचे कपडे घातले ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. सुटून येताना पारद गावी लढाई झाली, पाटील मारला गेला आणि त्याच्या बायकोने आपलं मूल पालखीत आणून घातलं. महाराजांनी ते मुलासारखं वाढवलं. तेच अक्कलकोटच्या घराण्याचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले.

एका बाबतीत मात्र त्यांचा हात आखडता राहिला. मागे मुलगा नव्हता आणि जवळचा वारस म्हणजे कोल्हापूरचे संभाजी महाराज. तरी शेवटच्या आजारात त्यांनी पेशव्यांना लिहून ठेवलं की कोल्हापूरकरांना साताऱ्याच्या गादीवर आणू नये. अठरा वर्षं सलोखा राहिला, पण बांध तो बांध. 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यात त्यांचं निधन झालं. संभाजी महाराज पुढे अकरा वर्षं, 1760 पर्यंत, पन्हाळ्याला राज्य करत राहिले. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी 1848 साली खालसा केलं, कोल्हापूरचं संस्थान 1949 पर्यंत टिकलं. नदी मात्र आजही हद्द आहे. शिराळा, वाळवा, मिरज हे तालुके अलीकडे सांगली जिल्ह्यात आणि पलीकडे पन्हाळा, हातकणंगले कोल्हापूर जिल्ह्यात.

सांगलीला सासर किंवा माहेर असलेल्यांनी हरिपूरला संगमेश्वराच्या देवळामागे उभं राहून वारणा कृष्णेला मिळते ती जागा जरूर पाहावी. हळदीच्या पेवांसाठी सगळे जातात, संगम पाहून येणारे कमी. आणि इथे साताऱ्यात कृष्णा-वेण्णेचा संगम माहुलीला आहे. तिथे नदीकाठी महाराजांची समाधी आहे, जवळच त्या खंड्या कुत्र्याचीही आहे. सोसायटीची सहल काढायची तर बस करायचीही गरज नाही, रिक्षाने जाऊन येता येतं. फक्त पावसाळा टाळावा. पाणी उतरलं की, दिवाळीनंतर, सकाळी लवकर जावं.